चाकाखालचा गोटा

सर,

तुमचा गोटा अजून माझ्याकडे आहे. गॅरेजात शिरल्यावर डाव्या हाताला देवाचा फोटो आहे, त्याच्या खालच्या फळीवर तो ठेवलेला असतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, मी त्याला देव मानतो. एकदोघांनी तर त्याला हात लावून नमस्कारही केला आणि मी त्यांना अडवलं नाही. काळा, नदीत घासून गुळगुळीत झालेला, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूला निमुळता, बरोबर चाकाखाली सरकवता येईल असा. तुम्ही जाऊन पंधरा वर्षांच्या वर झाली. गोट्याला काहीच झालेलं नाही. मी मात्र पन्नाशीला आलो आहे आणि चष्म्याशिवाय मला ब्रेकचं बारीक निपल दिसत नाही.

हे मी तुम्ही दिलेल्या प्रयोगवहीत लिहितो आहे, रेघांच्या पानावर. इतकी वर्षं ही वही कोरीच राहिली, पहिलं पान सोडून. त्या पहिल्या पानावर एक नाव चुकीचं लिहिलेलं आहे आणि ते माझ्या हातचं आहे. ते दुरुस्त करायचं म्हणून आज बसलो. पण नुसतं नाव दुरुस्त करून भागणार नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी कृती सांग, मग काय दिसलं ते, आणि काय वाटलं ते सगळ्यात शेवटी. म्हणून तसंच सांगतो.

नववीतला तो दिवस मला पुष्कळदा आठवतो. आपल्या अल्लीपूरच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातली एक खोली, दोन टेबलं आणि एक कुलपाचं कपाट. स्पिरिटच्या दिव्यावर चंबूत पाणी ठेवलेलं आहे, आम्ही सात-आठ जण भोवती उभे आहोत आणि तापमापी माझ्या हातात आहे. पाणी खदखदतं. पारा सत्त्याण्णवच्या रेघेवर येऊन थांबतो, पुढे सरकत नाही. मी थोडी वाट पाहतो आणि वहीत लिहितो, शंभर. पुस्तकात शंभरच दिलेलं होतं. तुम्ही फळ्याशी बोलताना पुस्तकातली मराठी बोलायचे आणि आमच्याशी बोलताना घरची. माझ्या वहीवर वाकून तुम्ही घरच्याच बोलीत विचारलं, "तुले किती दिसलं?" मी म्हटलं, सत्त्याण्णव. "मंग पाण्याले तुह्यासाठी शंभर व्हावं लागलं काय?" सगळे हसले. मी खोडरबर काढलं, तर तेही तुम्ही काढून घेतलं. वहीत रबर चालवायचं नाही, हा तुमचा नियम होता. चुकलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर ते लिहायचं. काय चुकलं होतं तेही वहीत राहिलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचे. मी शंभरावर रेघ मारली आणि बाजूला सत्त्याण्णव लिहिलं. तापमापी जुनी होती, ती तीन अंश कमी दाखवत होती, हे तुम्ही पुढच्या तासाला बर्फाच्या पाण्यात बुडवून आम्हाला दाखवलं. मी शंभर लिहून मोकळा झालो असतो तर तापमापीचा दोष वर्गात कोणालाच कळला नसता. हे तेव्हा मला फारसं समजलं नव्हतं. फक्त सगळे हसले एवढंच लागलं होतं.

बारावीनंतर मी वर्धेला एका गॅरेजात लागलो, ते तुम्हाला माहीत आहे. नव्वदच्या दशकात गावागावांत छोट्या चारचाक्या दिसायला लागल्या होत्या आणि काम शिकणाऱ्याला काम होतं. माझे उस्ताद हिंदी बोलायचे. हात फार सफाईदार. ब्रेकचं पेडल मऊ लागतं म्हणून कोणी आलं की ते गाडीकडे न बघताच म्हणायचे, "पहले हवा निकाल." ब्रेकच्या नळीत तेल भरलेलं असतं. तेल दबत नाही, म्हणून पाय दिला की जोर थेट चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली तर हवा दबते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. दहातल्या आठ गाड्यांत हवाच असायची. उस्ताद बरोबर निघायचे आणि आठ वर्षं रोज बरोबर निघणाऱ्या माणसाजवळ राहिलं की आपणही बघायचं सोडून देतो. पुढे मी नालवाडीला रस्त्यालगत टिनाचं शेड घालून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा उस्तादांचं हे वाक्य माझ्याबरोबर आलं.

तुम्ही गाडी घेतली ती काकूंसाठी. तुमच्या पत्नीला आम्ही सगळी मुलं काकूच म्हणायचो. काकूंच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि सावंगीच्या दवाखान्यात त्यांना किरणांचा शेक द्यायला न्यावं लागायचं, आठवड्यातून पाच दिवस, दीड महिना. अल्लीपूरहून आधी बस, मग ऑटो. ऑटोच्या धक्क्यांनी काकूंचे टाके दुखायचे. तुम्ही निवृत्त झाला होतात. साठीच्या वयात चालवायला शिकलात, कोणाची तरी वापरलेली छोटी पांढरी गाडी घेतलीत आणि रोज जायला-यायला लागलात. आणि दहा-बारा दिवसांतच एका सकाळी माझ्या शेडसमोर येऊन थांबलात.

ती सकाळ मला अजून दिसते. गाडी थांबते. तुम्ही उतरता. मागचं दार उघडून सीटच्या पायाशी पोत्याच्या तुकड्यावर ठेवलेला हा गोटा काढता, मागच्या चाकाखाली सरकवता, पायानं ठोकून बघता आणि मगच माझ्याकडे वळता. मला हसू आलं होतं. जमीन तळहातासारखी सपाट आणि गाडीला गोटा. नंतर तुम्हीच सांगितलं की पहिल्याच आठवड्यात तुम्ही हँडब्रेक ओढलेला विसरलात आणि तशीच गाडी अल्लीपूरहून वर्धेपर्यंत आणली. मागच्या चाकांतून धूर निघाला, काकू घाबरल्या. त्या दिवसापासून तुम्ही ती दांडी ओढणंच बंद केलं. तुमचे वडील बैलगाडी उभी केली की चाकाला गोटा लावायचे, आणि बैलगाडी कधी आपणहून गेल्याचं तुम्ही पाहिलं नव्हतं.

तुमची तक्रार तुम्ही तक्रारीसारखी सांगितली नाही, निरीक्षणासारखी सांगितली. पेडल पहिल्यांदा दाबलं की पार खाली जातं, मऊ लागतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच धरतं. आदल्या दिवशी कापसाची गाडी आडव्या रस्त्यानं एकदम पुढे आली, तेव्हा दुसऱ्या दाबाला गाडी थांबली. "पहिल्या दाबाले थांबली नाई, दुसऱ्याले थांबली," एवढंच तुम्ही म्हणालात. काकू मागे कडेच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या गळ्याशी शेक द्यायच्या जागेवर शाईनं केलेल्या खुणा दिसत होत्या. मला तेव्हाच कळलं की ही गाडी मी नीट केली पाहिजे, आणि लवकर केली पाहिजे. पुढचे तीस-पस्तीस दिवस या माणसाला दोन दाबांची सवड कोण देणार होतं?

पण मी काय केलं? तुम्ही नेमकं काय सांगितलं ते माझ्या कानांनी ऐकलं आणि डोक्यानं म्हटलं, हवा. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाजवळ निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, उघडायला आणि एक पेडल दाबायला. त्या दिवशी मी एकटाच होतो. तुम्हाला चाकाशी वाकून बघायचं होतं, म्हणून काकूच पुढे येऊन बसल्या. आयुष्यात त्यांनी पेडलला पाय लावला नव्हता. मी खालून सांगायचो, दाबा, सोडा, दाबा, आता दाबून धरा, आणि त्या अगदी नेमकं तसं करायच्या. तुम्ही उकिडवे बसून पारदर्शक नळीतून बाटलीत येणारं तेल बघत होतात आणि बुडबुडे मोजत होतात. दोन आले. तुम्हाला ते दोन फार कमी वाटले. मी म्हटलं, दोन पुष्कळ होतात, सर. पेडल आता वर होतं, कडक होतं, कारण काकूंनी ते वीस वेळा दाबलं होतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. गोटा लावलात. पेडल पुन्हा तसंच होतं.

या वेळी मी थोडं डोकं चालवलं. ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळ्या एकेक करून चिमट्यानं, कापडाची घडी मध्ये घालून, हलक्या हातानं दाबायच्या आणि प्रत्येक वेळी पेडल बघायचं. ज्या नळीचं तोंड बंद केल्यावर पेडल कडक होतं, दोष त्या नळीच्या पलीकडे. ही युक्ती तुम्हाला फार आवडली. पुढची डावी दाबली, काकू म्हणाल्या, दबते. पुढची उजवी, दबते. मागची दाबली आणि काकू म्हणाल्या, "आता नाई दबत." म्हणजे दोष मागे होता. इथपर्यंत खरोखरचं बघणं होतं आणि मला आनंद झाला. पण लगेच मी म्हटलं, मागची नळीच फुगत असेल, जुनी झाली आहे. तुम्ही पाठीमागे हात बांधून उभे होतात. तुम्ही विचारलं, "हे तुले माहीत हाये, का वाटून राह्यलं?" मी म्हटलं, माहीत आहे सर. नळी बदलली. पुन्हा हवा काढली, पुन्हा वीस वेळा पेडल दाबलं गेलं, पुन्हा ते वर आलं. मला खरं तर फक्त वाटत होतं. तुम्हीही ते ओळखलं असणार. पण काकूंच्या शेकाची वेळ होत होती आणि तुम्ही निघालात.

दोन दिवसांनी तुम्ही तिसऱ्यांदा आलात. सावंगीहून परतीला आला होतात, काकू थकलेल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातून काहीतरी आणायचं होतं म्हणून तुम्ही गोटा लावून तिकडे गेलात. मी चालकाच्या बाजूचं दार उघडून नुसता त्या पेडलकडे बघत उभा राहिलो. काकू पुढच्या दुसऱ्या सीटवर होत्या. आता काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेडलजवळचा मास्टर सिलेंडर बदलून बघतो. खरं म्हणजे बघतो हा शब्द चूक होता. मी बदलणार होतो, बघणार नव्हतो.

दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकची दांडी असते. तिच्यावर काकूंची कापडी पिशवी अडकवलेली होती, दवाखान्याच्या कागदांची. रोज तिथेच असायची. माझ्या हाताला अडचण नको म्हणून ती त्यांनी उचलली आणि म्हणाल्या, "एक इचारू का? ह्या दांडीले माही पिशवीच राह्यते. सरांनं ते कधी ओढलीच नाई, धूर निघाला तवापासून. मंग कंपनीनं ते काऊन देल्ली असन? निस्तं उभं राह्यसाठीच, का तिचं अजून काही काम हाये?"

सर, मी तिथे उभा होतो आणि मला ते उत्तर माहीत होतं. अशा गाडीच्या मागच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, एक छोटी दातेरी पट्टी असते. हँडब्रेक ओढला की ती जरुरीप्रमाणे एकेक दात पुढे सरकते आणि घासून झिजलेल्या ब्रेकच्या पट्ट्यांना ड्रमच्या जवळ ठेवते. हँडब्रेक कधी ओढलाच नाही तर पट्ट्या झिजत जातात, मागे राहतात आणि पेडलचा पहिला दाब नुसता त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच संपतो. दुसऱ्या दाबाला त्या जवळ असतात, म्हणून धरतं. धूर निघाला त्या दिवशी तुमच्या पट्ट्या चांगल्याच झिजल्या असणार. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्यात बसत होतं. हे मी उस्तादांकडे शिकलो होतो. आणि गोटाही तीन वेळा माझ्या डोळ्यांसमोर चाकाखाली लागला होता. मी हसलो होतो, पण बघितलं नव्हतं.

मी आत वाकून दांडी ओढली, म्हणजे ती पट्ट्यांना थेट ड्रमला टेकवून धरेल. ती कर्रकर्र करत वर येत गेली, येत गेली, जवळजवळ सरळ उभी झाली. दांडीचेच दहा-बारा दात तरी वाजले असतील. मग काकूंना म्हटलं, जरा उतरून इकडच्या सीटवर या आणि पेडल दाबा. त्या हळूच फिरून आल्या, बसल्या, पाय ठेवला, दाबला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पहिल्याच खेपेले वरतं थांबलं गा हे."

एवढंच झालं. सगळं मिळून पाच मिनिटं.

तुम्ही औषध घेऊन परत आलात तेव्हा मी जॅक लावून मागचं चाक काढत होतो. तुम्ही विचारलं, काय सापडलं? आणि मी सांगायला लागलो. दोनदा चुकल्यावर मी कसा नीट विचार केला, तुमची पहिली तक्रार कशी आठवली, गोटा कसा लक्षात आला, दांडी ओढून पेडलची परीक्षा कशी घेतली. मी हे सगळं बोलत होतो आणि काकू पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या, काचेतून रस्त्याकडे बघत. ड्रम काढून मी तुम्हाला तो दातेरी भाग दाखवला. गंजून पहिल्याच दातावर अडकलेला, एक दातही पुढे न सरकलेला. तुम्ही चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ त्या दातांकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "म्हंजे दोष माह्या गोट्याचा." तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नववीतही पाहिला नव्हता. बर्फाच्या पाण्यात तापमापी बुडवताना थोडासा तसा होता. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो हात काकूंच्या वाट्याचा होता, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही. सर, मी देवाला मानतो. रोज सकाळी त्या फोटोसमोर दिवा लावल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. पण त्या वेळी देव आठवला नाही. फक्त तुमचा हात पाठीवर आहे एवढंच कळत होतं.

दात साफ केले, पट्ट्या बदलल्या, दांडी चार-सहा वेळा ओढून सगळं जागेवर आणलं. त्यानंतर तुमचं पेडल कधी मऊ झालं नाही. काकूंचा शेक पूर्ण झाला. तुम्ही गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायला लागलात, पण गोटाही लावत राहिलात. मी एकदा म्हटलं, आता गोट्याची काय गरज आहे. तुम्ही म्हणालात, "दांडी तुह्यासाठी, गोटा माह्यासाठी."

आठ दिवसांनी तुम्ही ही वही घेऊन आलात. शाळेच्या जुन्या साठ्यातली, एका बाजूला कोरं पान आणि एका बाजूला रेघांचं. गॅरेजात ठेव, म्हणालात. कोऱ्या बाजूला काय दिसलं ते लिहायचं, रेघांच्या बाजूला काय वाटलं ते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. पहिलं पान तुम्ही स्वतः भरून आणलं होतं, तुमच्या फळ्यावरच्या मराठीत. प्रयोग, छोट्या गाडीच्या ब्रेकचे पेडल मऊ लागण्याचे कारण शोधणे. निरीक्षण, हँडब्रेक ओढल्यावर पेडल पहिल्याच दाबाला वर थांबते. अनुमान, मागच्या पट्ट्या ड्रमपासून दूर राहिल्या आहेत. आणि सगळ्यात खाली, निरीक्षण करणाऱ्याचे नाव. त्याच्यापुढे टिंबं टिंबं, जागा मोकळी.

मला वाटलं, सही करायला जागा सोडली आहे. तुम्ही गेल्यावर मी हात धुतले, पेन घेतलं आणि त्या जागेत माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

महिन्याभरानं तुम्ही आलात तेव्हा वही मागितलीत. फळीवरून मीच काढून दिली. तुम्ही पहिलं पान उघडलंत, चष्मा नाकावर होता, आणि थोडा वेळ बघितलंत. "अक्षर सुधारलं गा तुहं," एवढं म्हणून वही मिटून माझ्या हातात दिलीत. मला फार बरं वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं की सरांनी आज माझ्या अक्षराची तारीफ केली. पण पुढचं पान काही माझ्याकडून लिहिलं गेलं नाही. बरेचदा काढायचो, पहिलं पान उघडायचो आणि परत ठेवायचो.

चार-पाच वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या मुलानं गाडी विकायला काढली तेव्हा ती नीट करायला माझ्याकडे आली. सीटच्या पायाशी पोत्यावर गोटा होता. तो मी ठेवून घेतला, कोणाला न विचारता. माझी नसून घेतलेली ही दुसरी गोष्ट, पण ती लहान आहे.

आज माझ्याकडे ब्रेकची कोणतीही गाडी आली की मी पेडलला पाय लावायच्या आधी एक प्रश्न विचारतो, गाडी उभी कशी करता? लोकांना नवल वाटतं. गाडी चालवण्याबद्दल सगळे मेकॅनिक विचारतात, उभी करण्याबद्दल कोणी विचारत नाही. कोणी सांगतो गिअरमध्ये ठेवतो, कोणी सांगतो वीट लावतो, एकानं सांगितलं भिंतीला टेकवतो. या एका प्रश्नानं माझी कित्येक कामं सोपी झाली. कोणी विचारलं हे कुठे शिकलास, तर मी सांगतो, आमच्या शाळेच्या सरांनी शिकवलं. तेही खरं नाही. तो प्रश्न पिशवी हातात धरून विचारलेला होता.

मागच्या महिन्यात अल्लीपूरला देवळात गेलो होतो, तिथून काकूंकडे गेलो. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. तब्येत बरी आहे, कान थोडे गेले आहेत, बोलणं तेवढंच. अंगणात खाटेवर बसून त्या शेंगा सोलत होत्या. चहा झाला. का कोण जाणे, पण मी वीस वर्षं न विचारलेलं विचारलं. म्हटलं, काकू, त्या दिवशी मी सगळं माझंच म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही काही बोलल्या नाहीत.

काकू हसल्या. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "तुह्यासमोर कायले बोलू? बोलली मी. गाडी वर्धेच्या बाहेर निघाली नव्हती तवाच सांगतलं त्याईले." मी म्हटलं, सर काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "आधी लय हासले. मंग इचारलं, त्यानं दांडी ओढून पाह्यली का? म्हटलं, हाव, पाह्यली. तर म्हणे, मंग ओढून पाह्यलं थे त्याचं."

म्हणजे वही तुम्ही नंतर दिली. सगळं माहीत झाल्यावर दिली. टिंबं सोडली तीही माहीत होऊन. मला एवढंच विचारायचं सुचलं की मग वही बघून आल्यावर सर काही बोलले का.

काकू शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "मीच इचारलं होतं ना. म्हटलं, काय लिवलं पोट्ट्यानं, सोताचं नाव का माहं? तर म्हणे, वाचता नाई आलं, चष्मा घरी राह्यला."

मी अजून त्या वाक्याचा विचार करतो. चष्मा तुमच्या नाकावर होता, सर. हे मी पाहिलं आहे, यात मला वाटण्यासारखं काही नाही. जो माणूस सत्त्याण्णवचे शंभर होऊ देत नव्हता, त्यानं घरी जाऊन असं सांगितलं. कोणासाठी सांगितलं, माझ्यासाठी की काकूंना वाईट वाटू नये म्हणून, हे मला कळत नाही. ते रेघांच्या पानावरचं आहे. कोऱ्या पानावर फक्त एवढंच, की चष्मा होता.

आता पहिलं पान उघडून समोर ठेवलं आहे. हवेनं पान उलटू नये म्हणून वर गोटा ठेवला आहे. ही वही तुमच्याकडे यायची काही सोय नाही, आणि काकूंना वाचून दाखवावी असं दोनदा मनात येऊन गेलं, पण त्यांना हे सगळं आधीच माहीत आहे. माझ्या नावावर मी एकच सरळ रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला काकूंचं नाव लिहिलं आहे. दोन्ही पेन्सिलीनं, रबरानं पुसता येईल असं. पेन खिशातच होतं.